ऐंशी अक्षरांच्या आत

चूक ही मुळात वाईट गोष्ट नाही. ती मोजली की वाईट होते. मोजेपर्यंत तिला कामाची पद्धत म्हणतात, आणि पद्धत जुनी असेल तर परंपरा. हे मी एकोणतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. एवढी वर्षे मी एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढली आणि माझ्या हातून एकही चूक झाली नाही, कारण चुका मोजणाऱ्याचे पद तिथे शेवटपर्यंत रिक्त होते.

निवृत्त झाल्यावर मी, म्हणजे महिपती गराडे, लोणावळ्याला तुंगार्लीतल्या एका बंगल्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. मला कॉम्प्युटर येत नव्हता आणि कंपनीला कार्यालयीन मराठी येत नव्हते, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल आदर होता. कंपनी तळमजल्यावर. वरचा मजला बंगल्याचे मालक शनिवार-रविवारी पर्यटकांना देत. शनिवारच्या आमच्या बैठकांच्या इतिवृत्तात 'वरच्या मजल्यावरील गाण्यांमुळे सदस्यांचे म्हणणे नोंदवता आले नाही' हे वाक्य सात वेळा आले आहे. (त्या सातही बैठकांत ठराव एकमताने झाले.)

कंपनीचे प्रमुख रियाज मुलाणी. वय बेचाळीस. तळेगावच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी नऊ माणसांना घेऊन ही कंपनी काढली होती. माणूस सज्जन. कुणावर रागवायचे झाले तर ते आपल्या खोलीचे दार लावून घेत आणि आत एकटेच रागवत.

आमचे मुख्य काम एकच होते. एका धर्मादाय संस्थेने मावळातल्या गावांसाठी रुग्णवाहिका दिल्या होत्या, आणि साप चावलेल्या माणसाला कुठे न्यायचे हे चालकाला सांगणारा प्रोग्रॅम आम्ही लिहिला होता. चौदा आरोग्य केंद्रांनी रोज सकाळी आपल्या फ्रिजमध्ये सापाच्या इंजेक्शनच्या किती कुप्या आहेत तो आकडा भरायचा. आकडा शून्य असेल तर चालकाच्या मोबाइलवर त्या केंद्रापुढे लाल ठिपका. नसेल तर हिरवा. चालकाने सर्वात जवळचा हिरवा ठिपका गाठायचा. दोन वर्षे हे सुरळीत चालू होते. निदान कुणी मोजले नव्हते.

फेब्रुवारीत माहनूरने लिंटर आणला.

माहनूर शेख कुसगावची. वय पंचवीस. कंपनीत सर्वात कमी बोलणारी आणि सर्वात जास्त वाचणारी. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम ती आपण वर्तमानपत्र वाचतो तसे चहा पिताना वाचायची. फरक इतकाच की वाचून झाल्यावर ती अस्वस्थ व्हायची. लिंटर म्हणजे काय, हे तिने मला समजेल अशा भाषेत सांगितले. हा एक प्रोग्रॅम असतो. तो इतरांचे प्रोग्रॅम वाचतो आणि जिथे शंका येते तिथे बोट ठेवतो. चालवून बघत नाही, फक्त वाचतो आणि नाक मुरडतो. (मराठीत याला समीक्षक म्हणतात.) त्याची एक फाइल असते. तीत नियमांची यादी, आणि प्रत्येक नियमापुढे आपण तीनपैकी एक शब्द लिहायचा. 'चूक' लिहिले की लाल अक्षरे येतात आणि काम अडते. 'इशारा' लिहिले की पिवळी अक्षरे येतात आणि काम चालू राहते. 'बंद' लिहिले की त्या विषयावर लिंटर मौन पाळतो.

तिने तो पहिल्यांदा चालवला तेव्हा पडद्यावर आकडा आला: चुका ४,३१२.

रियाजसरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "काल किती होत्या?"

"काल मोजल्या नव्हत्या, सर."

"म्हणजे काल एकही नव्हती. आणि आज चार हजार तीनशे बारा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे टूल काढून टाकलं तर?"

"चुका तशाच राहतील."

"पण दिसणार नाहीत."

"दिसणार नाहीत," माहनूर म्हणाली.

रियाजसरांनी दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी समिती स्थापन झाली. नाव: नियम व तीव्रता निश्चिती समिती. अध्यक्ष रियाजसर, सदस्य म्हणून सत्यम आणि आणखी दोन प्रोग्रॅमर, सचिव मी. माहनूर ही निमंत्रित. (लिंटर फक्त तिलाच समजत असल्याने तिला मताधिकार देणे इतरांवर अन्यायाचे झाले असते.) यादीत दोनशे सतरा नियम होते आणि प्रत्येकाची तीव्रता ठरवायची होती.

पहिला नियम असा, की प्रोग्रॅममधली आतली ओळ सुरू करताना आधी किती रिकाम्या जागा सोडाव्यात. दोन की चार? यावर पाच बैठका झाल्या. सत्यमचे म्हणणे, दोन जागा सोडल्या की ओळी एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या दिसतात. विरोधी गटाचे म्हणणे, चार सोडल्या की प्रोग्रॅम उजवीकडे घरंगळत जातो. दोनवाले आणि चारवाले चहा वेगवेगळ्या वेळी घेऊ लागले. दोनवाल्यांपैकी एकाने वाढदिवसाचा केक चारवाल्यांना दिला नाही. पाचव्या बैठकीत तीन जागांवर तडजोड झाली. तीन जागा सोडणारी ही जगातली कदाचित एकमेव कंपनी असेल, या विचाराने सगळ्यांचे डोळे भरून आले. तीव्रता: चूक.

दुसरा नियम, कोणतीही ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब नसावी. हा मी मनापासून उचलून धरला. आमच्या कार्यालयात विषयाच्या रकान्यात साधारण तेवढेच मावत असे, आणि जे मावत नसे ते महत्त्वाचे नसे. तीव्रता: चूक.

अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी यावर तीन बैठका झाल्या. एका सदस्याने सकाळी राजीनामा दिला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत घेतला. यादीतल्या शेवटच्या वस्तूनंतर स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर दोन बैठका आणि एक लेखी माफीनामा. 'वापरायची किंमत रिकामी असू शकते, आधी तपासा' या नियमावर सहा मिनिटे, त्यातली दोन चहा आला म्हणून.

यातून एक तत्त्व आपोआप पुढे आले आणि ते मी अभिमानाने इतिवृत्तात नोंदवले. जो नियम सर्वांना कळतो, त्याबद्दल सर्वांना मत असते, म्हणून तो गंभीर. जो फक्त माहनूरला कळतो, ते एका व्यक्तीचे मत.

त्या सहा मिनिटांत माहनूर जितकी बोलली तितकी वर्षभरात बोलली नव्हती.

"या नियमाखाली सतरा जागा सापडल्यात," ती म्हणाली. "समजा, केंद्रानं आकडा भरलाच नाही. तर ती जागा रिकामी राहते. आपला प्रोग्रॅम एवढंच विचारतो, की आकडा शून्य आहे का? रिकामं म्हणजे शून्य नाही. शून्य नाही म्हणजे हिरवा ठिपका."

"मग बरोबरच आहे की," सत्यम म्हणाला.

"फ्रिजमध्ये काय आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि आपण चालकाला सांगतो, इंजेक्शन आहे म्हणून."

मला यात काही गैर दिसले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. आमच्या कार्यालयात मुदतीत न आलेले उत्तर होकार धरले जाई आणि त्यावर मोठमोठी कामे झालेली आहेत.

"आजवर असं काही झालंय?" रियाजसरांनी विचारले.

"झालं तर आपल्याला कळणार कसं, सर?"

"म्हणजे तक्रार नाही." रियाजसर माझ्याकडे वळले. "काका, इशारा लिहा."

मी 'इशारा' लिहिले.

एप्रिलच्या अखेरीस संस्थेचे पत्र आले. पावसाळ्यापूर्वी प्रोग्रॅमची तपासणी होईल; एक जूनपर्यंत लिंटरच्या अहवालात 'चुका: शून्य' असे दिसावे; अन्यथा काम दुसऱ्या कंपनीस देण्याचा विचार करावा लागेल. त्या दिवशी आमचा आकडा होता ११,०४०. फेब्रुवारीपेक्षा तो वाढला होता, कारण सगळा जुना प्रोग्रॅम कुणी दोन जागा सोडून तर कुणी चार सोडून लिहिलेला होता आणि तीन कुणीच सोडल्या नव्हत्या.

माहनूरने एक बटण दाबले. जागा, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे एका मिनिटात जिथल्या तिथे बसली, आणि आकडा ९३८ वर आला. दहा बैठकांचा विषय अशा प्रकारे एका मिनिटात मिटवल्याबद्दल समितीने तिच्याकडे लेखी नाराजी व्यक्त केली.

"उरलेल्या खऱ्या आहेत," ती म्हणाली. "एकेक बघून नीट कराव्या लागतील. अडीच महिने. आणि इशारे वेगळे."

"माझ्याकडे एक महिना आहे," रियाजसर म्हणाले.

'चूक' हा शब्द खोडून 'इशारा' लिहायला चार सेकंद लागतात. रियाजसर फाइल उघडून बसले आणि एकेक नियम उतरवत गेले. मे महिन्यातली आमच्या गुणवत्तेतली सुधारणा थक्क करणारी आहे. दोन तारखेला चुका ९३८. नऊ तारखेला ५१०. सोळाला १२४. तेवीसला ३. या काळात प्रोग्रॅमच्या एकाही ओळीला कुणी हात लावला नाही, यावरून तो मुळातच किती चांगला लिहिलेला होता हे दिसून येते.

मग लक्षात आले की अहवालात इशाऱ्यांचाही आकडा छापून येतो, आणि तोही पिवळ्या रंगात. पिवळा रंग डोळ्यांत भरतो. तेव्हा इशारे 'बंद' या वर्गात हलवण्याचे ठरले. रिकाम्या किमतीचा नियम यादीत एकशे चाळिसावा होता. तिथे आल्यावर माहनूर उठून उभी राहिली.

"सर, हा एक राहू द्या. बाकीचे करा बंद."

"एक ठेवला तर अहवालात सतरा दिसतील. सतरा का, म्हणून विचारतील." रियाजसरांचा आवाज चढला नव्हता, उलट ते विनवण्या करत होते. "नऊ घरं आहेत, माहनूर. तुझंही त्यातच आहे. पावसाळा झाला की सगळं बसून नीट करू."

"साप पावसाळ्यातच चावतात, सर."

वर गाणी चालू होती. ठराव एकमताने झाला.

माहनूरने मग तिच्या अधिकारात होते तेवढे केले. जिथे हिरवा की लाल हे ठरते, तिथे तिने प्रोग्रॅममध्येच, पुढच्या वाचणाऱ्यासाठी, एक ओळ लिहून ठेवली: 'हा नियम बंद करू नका. केंद्राने आकडा भरला नसेल तर इथे हिरवा ठिपका दिसेल आणि रुग्ण चुकीच्या ठिकाणी जाईल.'

तीस मे रोजी शेवटची तपासणी झाली. पडद्यावर आले: इशारे ०, चुका १.

सगळे धावले. उरलेली ती एकमेव चूक म्हणजे माहनूरची ओळ होती. कानामात्रा आणि मोकळ्या जागा धरून एकशे दोन अक्षरे. मर्यादा ऐंशी, आणि समितीने स्वतः गंभीर ठरवलेला हा नियम उतरवायला कुणी धजेना. माहनूर मावसबहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर होती. सत्यम म्हणाला, ओळ दोन ओळींत तोडू. दुसरा म्हणाला, मग दुसऱ्या ओळीच्या आधी तीन जागा सोडायच्या का? यावर समितीची बैठक बोलवावी लागेल असे दिसू लागले.

"काका," रियाजसर म्हणाले, "मराठी तुमचं काम आहे. जरा आटोपशीर करा ना."

मी कागद घेतला. 'हा नियम बंद करू नका' एवढेच ठेवले असते तर मर्यादेत बसत होते, पण नियम तर आम्ही बंद केला होता. तपासणीच्या वेळी ते विसंगत दिसले असते. म्हणून मी लिहिले: 'सदर ठिकाणी योग्य ती दक्षता घ्यावी.' चौतीस अक्षरे. हे वाक्य मी एकोणतीस वर्षांत किमान तीन हजार कागदांवर लिहिले असेन, आणि त्यावर कधी कुणी आक्षेप घेतलेला नाही. कारण त्यात कुठे, काय आणि कुणी, यांपैकी काहीच येत नाही.

चुका ०. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठीही.

एक जूनला संस्थेच्या अनघा मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी अहवाल पाहिला, शून्यावर बोट ठेवले, आणि एकच प्रश्न विचारला. "ओळीच्या आधी तीन जागा का सोडता?" रियाजसरांनी समितीची भूमिका समजावून सांगितली. मॅडमनी ती 'अनुकरणीय प्रथा' म्हणून लिहून घेतली. आठ दिवसांत फ्रेममध्ये बसवलेले प्रमाणपत्र आले. ते आम्ही चपलांच्या मांडणीवर लावले, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला वाकताना दिसेल.

माहनूर रजेवरून परत आली तेव्हा तिने ती ओळ पाहिली. कुणी बदलली, ते विचारले नाही. भाषेवरून तिला कळले असावे.

अठरा जुलैला, सकाळी दहाच्या सुमारास, परंदवडीत कोंडाजी नावाचे अठ्ठावन्न वर्षांचे शेतकरी भाताची लावणी करत होते. बांधावरच्या गवतातून त्यांच्या डाव्या घोट्याला साप चावला. त्यांची बायको मुक्ताबाई चार हातांवर होती. तिने साप पाहिला. अंगावर साखळीसारखे ठिपके, आणि कुकरची शिटी बसावी तसा फुत्कार. घोणस. तिने नवऱ्याला बांधावर बसवले, पाय हलवू दिला नाही, काही बांधले नाही, आणि शेजारच्या पोरीला रुग्णवाहिकेला फोन करायला लावला. बारा मिनिटांत चालक रतन गाडी घेऊन आला. पुढचे मी रतनच्या लेखी जबाबावरून सांगतो, कारण तो मीच लिहून घेतला.

रतनने मोबाइल उघडला. "मावशी, ह्ये जवळचंच केंद्र हिरवं दावतंय. धा मिनटात पोचतू."

"आदी फोन कर तितं."

"हिरवं हाय की मावशी."

"हिरवा पोपट बी आसतो. त्यो काय विंजेक्शन देतो व्हय? फोन लाव."

रतनने फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. 'हिरवा ठिपका सोडून अन्यत्र गेल्यास चालकाने लेखी खुलासा द्यावा' असा नियम होता. (हा नियमही मीच आटोपशीर केला होता.) रतन त्या हिरव्या ठिपक्याकडे गेला.

तिथली नर्स धावत बाहेर आली आणि गाडीतल्या पायाकडे बघून दारातच थांबली. फ्रिज नऊ दिवसांपासून बंद होता. कुप्या खराब होऊ नयेत म्हणून तिने त्या दुसरीकडे पाठवल्या होत्या, ते तिने बरोबरच केले होते. आकडा भरणारे कर्मचारी जागेवर नव्हते. ते आकडा कसा भरावा याच्या प्रशिक्षणाला गेले होते.

गाडी पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा कोंडाजींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. मुक्ताबाईने रतनचा मोबाइल मागून घेतला, ठिपके बाजूला सारले आणि एकेक नंबर फिरवायला लागली. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती.

"साप चावल्यालं विंजेक्शन हाय का न्हाई? हाय तर हाय म्हना, न्हाई तर न्हाई म्हना. बगतू न्हाय म्हनायचं."

तिसऱ्या ठिकाणी 'आहे, या' म्हणाले. तिथे पोहोचून सुई टोचेपर्यंत साप चावल्याला एक तास पंचवीस मिनिटे झाली होती. त्यातली अडतीस आमच्या ठिपक्याची.

दुपारी कंपनीत फोन आला. माहनूरने तो घेतला, 'बरं' एवढेच म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली. तिने कुणाला विचारले नाही. सतरा जागा उघडल्या आणि एकेक नीट करत गेली. हिरव्या आणि लाल ठिपक्यांच्या जोडीला तिने एक करडा ठिपका घातला. त्याच्यापुढे लिहिले, 'माहीत नाही. आधी फोन करा.' संध्याकाळी साडेपाचला काम झाले. एकूण वेळ चार तास दहा मिनिटे. मी तिच्या टेबलाजवळून तीन वेळा गेलो. तिने एकदा मान वर केली आणि म्हणाली, "काका, एकशे दोन अक्षरं होती. बावीसच जास्त होती."

मी जागेवर जाऊन एक कोरा कागद पुढे ओढला. एरवी मला मसुदा लगेच सुचतो.

रियाजसर तडक दवाखान्यात गेले होते. दोन दिवस ते तिथल्या बाकावर बसून होते. घरून डबा मागवून मुक्ताबाईला देत होते. तिसऱ्या दिवशी ते तिला म्हणाले, "ताई, चूक आमची आहे." ती म्हणाली, "मंग तसं लिवा." अकराव्या दिवशी कोंडाजी घरी आले. जीव वाचला. पायाचे मात्र काय होते ते दोन महिन्यांनी कळेल, असे डॉक्टर म्हणाले.

यानंतर प्रक्रिया सुरू झाली. संस्थेने घटनेचा अहवाल मागवला, आणि त्यासाठी आमच्याच समितीचा नमुना वापरायला सांगितला, कारण तो आटोपशीर होता. त्यात एक रकाना तीव्रतेचा. समिती बसली. सत्यमने मांडले की रुग्ण जिवंत आहे, त्यामुळे ही चूक म्हणता येत नाही. दुसऱ्याने मांडले की इंजेक्शन अखेर मिळाले, फक्त वेगळ्या ठिकाणी. रियाजसर खिडकीबाहेर बघत होते. माहनूर बैठकीला आली नाही. 'इशारा' हा शब्द ठरला. खाली रुग्णाच्या नातेवाइकाची सही हवी होती, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो कागद घेऊन मी परंदवडीला गेलो.

कोंडाजी ओसरीवर खाटेवर पडले होते. डावा पाय उशीवर, गुडघ्यापर्यंत पट्टी. राहिलेली लावणी भावकीने उरकून दिली होती. मुक्ताबाईने चहा ठेवला आणि माझ्यासमोर बसली.

"वाचा, काय लिवलंय."

मी वाचले. "'सदर प्रकरणी रुग्णास उपचार मिळण्यास किंचित विलंब झाल्याचे दिसून येते. तीव्रता: इशारा.'"

"इशारा म्हंजी काय वो भाऊ?"

"म्हणजे पुढे काही होऊ शकतं, असं आधी सुचवणारं."

"पुडं?" तिने खाटेकडे पाहिले. "ह्यांचं तर होऊन बसलंय."

कोंडाजी खाटेवरून म्हणाले, "जाऊ दे गं, सही कर. लांबून आल्यात."

"करते की. न्हाई कुटं म्हनते?" ती पुन्हा माझ्याकडे वळली. "'झाल्याचं दिसून येतं.' कुनाला दिसून येतं? मी तर गाडीत हुते. आनि झालं म्हंजी आपल्याआप झालं व्हय? कुनीतरी क्येलं आसंल की."

"पद्धत आहे तशी लिहायची," मी म्हणालो.

"तुमच्या घरात कुनाला चावला आसता तर काय लिवलं आसतं तुमी?"

चहा उतू गेला म्हणून ती आत गेली. कोंडाजींनी डोळे मिटले होते. मी पेन काढले. 'इशारा' खोडून 'चूक' लिहिले. मग कारणाच्या रकान्यात आलो. 'दक्षता घेण्यात आली नाही' हे शब्द बोटांपर्यंत आले होते, सवयीने. ते मी अडवले. मी लिहिले: 'माहनूर शेख यांनी धोका काय आहे ते स्पष्ट लिहून ठेवले होते. ते मी, महिपती गराडे याने, तपासणीत शून्य दिसावे म्हणून खोडले. नियम समितीने बंद केला. समितीत मी होतो.' एकोणतीस अधिक दोन वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच कागदावर कर्ता लिहिला. अक्षर खराब आले.

मुक्ताबाईने ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले आणि सही केली. नंतर चहा दिला. तो गोड होता, याची नोंद कुठल्याही रकान्यात नाही.

रियाजसरांनी तो कागद वाचून दार लावून घेतले. बाहेर आले तेव्हा त्यांनी त्यावर आपलीही सही केलेली होती, माझ्या नावाखाली स्वतःचे नाव घालून. अहवाल गेला: चुका १.

चार दिवसांत उत्तर आले. 'आपल्या पारदर्शकतेचे कौतुक वाटते. तथापि हा आकडा सात दिवसांत शून्यावर आणावा.' रियाजसरांनी कळवले की तो एकच राहील, कारण तो एकच माणूस आहे आणि त्याचे नाव कोंडाजी आहे. सप्टेंबरमध्ये काम दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्यांचा अहवाल स्वच्छ आहे. ते लिंटर वापरत नाहीत. करडा ठिपका त्यांनी काढला, कारण तो रंग मरगळलेला वाटतो. आम्ही आता हॉटेलांच्या खोल्या आरक्षित करण्याचा प्रोग्रॅम लिहितो. नऊच्या नऊ माणसे अजून आहेत. माहनूर समितीची अध्यक्ष झाली आणि तिने पहिल्याच दिवशी समिती बंद केली. रतनने गाडीच्या काचेवर चौदा केंद्रांचे फोन नंबर चिकटवलेत. इतर चालकांनी त्याचे फोटो काढून नेले.

हा सगळा वृत्तांत मी लिहून काढला आणि छापायला देण्यापूर्वी परिचयातल्या एकोणीस जाणकारांना वाचायला दिला. सर्वांनी तो आवडीने वाचला आणि तत्परतेने दुरुस्त्या कळवल्या, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सात जणांनी विचारले की लिंटर हा शब्द पुल्लिंगी कसा, नपुंसकलिंगी का नाही. पाच जणांच्या मते 'कुप्या' ऐवजी 'बाटल्या' बरे दिसेल. तिघांना मुक्ताबाईंची भाषा प्रमाण करून हवी आहे. तिघांनी मिळून एकाच अनुस्वाराविषयी तीन पत्रे पाठवली. एकाने हिशेब करून दाखवला की साडेपाचला संपलेले चार तास दहा मिनिटांचे काम एक वाजून वीस मिनिटांनी सुरू झाले असले पाहिजे, आणि त्याला 'दुपारी' म्हणावे की 'भर दुपारी'.

यात दिवाळी उलटून गेली. कोंडाजींचा पाय आता कसा आहे, हे एकोणिसांपैकी एकानेही विचारलेले नाही. आपण विचारणारच होतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.